केळ्री

पहिल्या दिवशी सरांनी पेटीचा भाता सोडला
आणि म्हणाले, "केळ्री."

मी सावंतवाडीची. लग्नाला वीस वर्षं झाली तरी
शहापुरात माझं कानडी भाजीच्या पाटीपुरतं.
मला वाटलं, केळी. प्रसादाची असतील.
बघत राहिले कोनाड्याकडे.

विरूपाक्ष हसला. समोरच्या गल्लीत
मागावर साड्या विणतो, इथे तबला शिकतो.
"ऐका म्हणत्यात, काकू."

मग मी ऐकलं. म्हणजे वही काढली.
मला लिहिल्याशिवाय काही कळत नाही.
मुलाचा ताप, दुधाचा हिशेब,
माणसांचे स्वभावसुद्धा
मी आधी कागदावर उतरवते, मग मत करते.
चौकटी आखल्या. सा रे ग प ध.
म वर्ज्य, नि वर्ज्य,
लाल शाईने, दोनदा अधोरेखित.

वही बरोबर होती.
बोट मात्र ग वरून निघालं
की शेजारच्या दारात डोकवावं तसं
मध्यमाकडे जाऊन यायचं.

हुगारसरांना स्वरलिपी वाचता येत नाही,
की वाचायची नसते, कुणास ठाऊक.
वडिलांची फुलांची गाडी होती.
हार ओवता ओवता गाणं शिकले म्हणतात;
फुलं कधी मोजली नाहीत,
दोरा जड झाला की हार पुरा.
माझी वही ते लग्नपत्रिकेसारखी
पुढून मागून बघतात,
"चलो ऐती," म्हणतात,
परत देतात.

विरूपाक्षाचं आणखीनच निराळं.
धा धिं धिं धा म्हणायला लावलं की जीभ अडखळते.
पण समोर माग चालू असले
की टाच आपोआप जमिनीवर पडते
आणि तीनताल सरसरत जातो
या काठाकडून त्या काठाकडे, धोट्यासारखा.
मी म वर घसरले की तोच आधी मान वर करतो,
"काकू, तुमचा धागा तुटला बघा तितं."
म म्हणजे काय, त्याला माहीत नाही.

मंगळवारी तिन्हीसांजेला करंट गेला.
वही दिसेना.
समोरचे सगळे माग एका दमात गप्प,
आणि विरूपाक्षाचा ताल
सहाव्या मात्रेवर आला नि तिथेच उभा राहिला,
वाट विसरलेल्या बैलासारखा.

म्हणजे त्याचीही वही होती की.
फक्त ती त्याने गल्लीत ठेवलेली.

सर म्हणाले, "केळ्री."
एवढं कानडी आता मला येत होतं. तरी म्हटलं,
"काय ऐकू? आवाजच नाही कसला."
"मत्त केळ्री."
अंधारातून विरूपाक्ष म्हणाला,
"विचारा, असं पण हुतंय त्याचं, काकू.
कानडीत ऐकायला आन् विचारायला
एकच शब्द हाय."

मग पेटीलाच विचारलं. बोटाने, दबकत.
ग. पुढे कोण राहतं?
मी, म्हणाला मध्यम.
तू नव्हे रे बाबा.
त्याच्या अंगणातून पाय न वाजवता गेले.
प.

जमलं असं नाही. पुढच्या फेरीला
पुन्हा त्याच्याच दारात.
पण या वेळी विरूपाक्षाच्या आधी
मला कळलं.

करंट आला. माग धडधडले.
विरूपाक्ष सातवीवर पोचला,
जणू मधे काही घडलंच नाही.
मी वही पाहिली. अंधारात सवयीने
हात लिहीतच राहिला होता:
अक्षरावर अक्षर, रे च्या पोटात ध,
एक ओळ चढून दुसरीच्या खांद्यावर.
मला माझंच वाचता येईना.

सरांनी ते पान हातात घेतलं.
बराच वेळ धरून बसले. उलटलं नाही.
चलो ऐती म्हणाले नाहीत.
पेटीच्या टपावर, माझ्यासमोर, उभं करून ठेवलं
आणि म्हणाले,
"इदन्न बारस्री."
हे वाजवा.

मी भाता ओढला.