कोटाचं माप

तेरुएलच्या थंडीत एउलोहियो
कपाटामागून जुनं पोस्टर ओढतो.
'बुटक्यांची बैलझुंज! आज संध्याकाळी!'
लाल अक्षरं, हातहातभर.

पुतणी नेरेआ, त्याच्याच उंचीची,
टेप गळ्यात, कात्री खाली ठेवते.
हाच शब्द शाळेत
तिच्या दप्तरावर खडूनं लिहिलेला असायचा.

"काका, आता कुणी म्हणत नाही असं."
"तीस वर्षं पाव दिला गं त्यानं."
"आणि ते हसणं?"
"पावाबरोबर गिळायचो."

ती काही बोलत नाही.
पोस्टर पालथं घालते,
कोऱ्या बाजूवर खडूनं आखते
त्याचे खांदे, त्याच्या बाह्या.
कात्री चालते. खालच्या अंगाला
शब्द मधोमध चिरत जातो.

"काखेत जरा सैल ठेव," तो म्हणतो,
"आणि कपटे
टाकू नकोस एवढ्यात."