माणशी पाणी

भोबेकाकांनी रजिस्टर आणून आदळलं टेबलावर,
म्हणाले, तू कॉम्प्युटरवाली, एवढी बेरीज बसवून दे.
अभ्युदय नगर, साठ खोल्यांची आमची इमारत,
पाणीपट्टी माणशी, आणि दर महिन्याला तीच भांडणं.

ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या घरची भांडी हलवते:
इथली किंमत तिथे, तिथली कुणी बदलली ते कळत नाही.
रात्री मात्र हॅस्केल.
तिथे ठेवलं ते ठेवलं. क्ष म्हणजे पाच म्हटलं
की मरेपर्यंत पाच. सहा हवेत तर दुसरं नाव शोधा.

रजिस्टरला हे पटलं नसतं.
व्हाइटनरचे थर, त्यावर निळं, निळ्यावर लाल.
खोली आठची थकबाकी इतक्यांदा पुसलीय
की पान तिथे बोटाला खरखरीत लागतं.
मी काही पुसलं नाही.
जुनी यादी तशीच ठेवून तिच्यातून नवी काढली,
चमचाभर विरजण घेऊन दुसरं भांडं लावावं तशी.

साठ खोल्यांसाठी साठदा सांगायचं नसतं.
एकीचं सांगायचं, माणसं गुणिले दर,
आणि ते वाक्य यादीभर फिरवायचं
हळदीकुंकवाचं ताट फिरवतात तसं,
फक्त इथे कुणा बाईला वगळायचं नाही.
मग घडी. साडीची घालतात तशी, टोकाला टोक,
अख्खी इमारत एका आकड्याएवढी होईपर्यंत.

चार ओळी झाल्या. मी खूश.
चालवलं, तर बेचाळीस नंबरला येऊन कोसळलं.

वत्सला घाग. माणसं, आणि पुढे काहीच नाही.
शून्य नाही, रेघ नाही, व्हाइटनरसुद्धा नाही.
साठ चौकोनांत तेवढा एकच स्वच्छ.

संध्याकाळी गेले. बाई मेथी निवडत होत्या.
म्हटलं, घागबाई, एक लिहू की दोन?
जुडी हातात राहिली.

निशिकांत दारूखान्यात जहाजं तोडायला जायचा.
अकरा वर्षांपूर्वी डबा घेऊन गेला,
डबा घेऊन गेला एवढंच नक्की.
पोलिसांनी अडीच पानं लिहिली, त्यातलं एक पान पत्त्याचं.

म्हणाल्या, एक लिहिलंस तर मी त्याला घालवला.
दोन लिहिलंस तर मिटिंगमध्ये हसतील.
पैसे मी दोघांचेच देते. भोबे घेतो, बोलत नाही.
तू लिहूच नकोस काही.

माझ्या भाषेत याला जागा आहे
हे त्यांना कसं सांगायचं मला सुचेना.
नुसता आकडा नाही, कदाचित आकडा.
तो उघडायचा तर दोन्ही वाटा आधी लिहायच्या,
असला तर काय, नसला तर काय;
एक विसरलात तर कंपायलर आत्याबाईसारखा टोकतो.
ऑफिसात अशा जागी आम्ही शून्य भरतो आणि पुढे जातो.
किती शून्यं भरली असतील मी,
कुणाकुणाची.

असला तर: गुणिले दर.
नसला तर,
इथे बराच वेळ कर्सर लुकलुकत राहिला,
नसला तर: बाई देतील ते.

सव्वाचारला पाणी आलं. पाइपात आधी हवा खोकली.
वरच्या मजल्यावर बेचाळीसमध्ये बादली भरली,
नळ बंद झाला नाही,
दुसरी सरकवल्याचा आवाज आला.

रविवारी भोबेकाकांनी छापील कागद डोळ्यांजवळ धरला,
बोट ओळीओळीने खाली आणलं, एका जागी थांबले.
ही इथेही रिकामीच?
हो, म्हटलं.
चष्मा काढून खिशात ठेवला त्यांनी.
बरोबर आहे, म्हणाले, तपासलं मी.