नाट

अंबडच्या शेडमध्ये एकतीस वर्षं मी पॅनल भरले.
लाल, पिवळी, निळी. प्रत्येक टोकाला फेरूल, फेरूलवर नंबर,
आणि टर्मिनलपाशी चार बोटं वायर जास्तीची,
कारण उद्या कोणीतरी उघडणार
आणि शिव्या आपल्यालाच घालणार.

आता हर्षला स्क्रीनवर तिचं सर्किट दाखवते:
पाच आडव्या रेघा, दुरेघीत असाव्यात तशा,
त्यांवर चौकोन, ठिपके, गोलात अधिकची खूण.
"यातून करंट जात नाही, पप्पा."
मग काय जातं?
ती पेन्सिल दातात धरते.
"हो आणि नाही. दोन्ही एकदम. कोणी विचारेपर्यंत."
बरं. मुलीकडच्यांना निरोप देणारे पाहिलेत मी असे.

चौकोन ती मांडत नाही, मॉडेल मांडतं.
जमलं तर गुण, जास्तीचा लावला तर दंड.
पहिल्या आठवड्यात त्याला काय सापडलं?
काहीच न लावणं.
पाच कोऱ्या रेघा, दंड शून्य.
मी हसलो ते चहा नाकात जाईपर्यंत.
आमच्याकडे बागूल नावाचा हेल्पर होता,
त्याच्या हातून कधी वायर वाया गेली नाही,
कारण तो कापायचाच नाही.

तिने दंड कमी केला. रात्रभर
टेबलाखाली पंखा घुमत राहिला,
पाथर्डी फाट्याकडे ट्रक गिअर बदलत राहिले.
सकाळी अकरा चौकोन.
तिने चार महिने बसून काढलेल्यात एकोणीस होते.
त्यात तिसऱ्या रेघेवरचा सी-नॉट उलटा,
खालून वर.
"असा कोणी लावत नाही," ती म्हणाली.
तीनदा तपासलं. उत्तर बरोबर.

सी-नॉट. मला नुसतं नाट ऐकू येतं.
आई म्हणायची, निघालेल्याला "कुठे" विचारून नाट लावू नये.
इथेही तसंच दिसतंय:
मध्येच विचारलं, की दोन्हींतलं एकच उरतं.

चार बोटं जास्तीची ठेव, मी सांगितलं.
"जास्तीचं चालत नाही. जितकं लांबवू
तितकं ते विसरतं."
हे मात्र मला लगेच कळलं.

मग तिने प्रिंट काढली आणि पेन माझ्याकडे दिलं.
एकपासून नंबर घालत गेलो, हा कशासाठी, तो कशासाठी,
ती सांगत होती.
सातव्यापाशी ती गप्प झाली.
उलटा तोच.

खैरनार साहेब असते तर ड्रॉइंग परत पाठवलं असतं.
मी नंबर घातला.
न समजता, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.