घाटात सांडलेलं

पापाच्या तिकटीला पहाटे साडेचार.
चपलांची दुकानं बंद, कुत्री जागी.
मुनीर अत्तार प्रत्येकाच्या चाकावर अंगठा दाबून
हवा बघतोय, डॉक्टरनं पोट बघावं तसा.
कुमुद हुपरीकर हेल्मेटखाली मफलर कोंबत म्हणते,
"मी पुढं जातो, तुम्ही या मागनं."
ती अशीच बोलते, तिची आईही.

अण्णाप्पा मगदूम बालिंग्याच्या पुलावर भेटला.
काळी सायकल, बिनगिअरची,
मागं दुधाच्या कॅनचे हुक तसेच.
"हुक तरी काढायचे होतेस."
"असू दे की. काय तरी अडकवाय लागतंयच."

कळे येईपर्यंत अंधार सगळा उसाचा होता.
भरलेल्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना चकाकी,
नुसती पाचटाची सळसळ रस्त्यानं पुढं जायची
आणि आम्ही तिच्या अंदाजानं बाजूला सरायचो.
एका गुऱ्हाळावर काहिलीच्या वाफेत हात धरले,
तेव्हा बोटं परत आपली झाली.
गुळव्यानं तळहातावर गरम गूळ ठेवला, विचारलं, "कुठं?"
"समुद्राला."
"सायकलीवरनं?"
आणि अजून थोडा गूळ ठेवला.

साळवणच्या पुढं चढ.
माझे अठरा गिअर, एकही उपयोगाचा नाही.
मगदूम उभ्यानं पायडल मारत निघून गेला.
रोज चाळीस लिटर वाहणाऱ्या त्याच्या पोटऱ्या,
आज ओझं नाही म्हणून बावचळल्या असतील.
गगनबावड्यात चहाच्या टपरीत
धुकं आमच्या आधी येऊन बसलं होतं.
गड दिसला नाही. गड आहे, असं चहावाला म्हणाला.

मग करूळचा घाट.
आधी बोटं गेली, मग कान,
डोळ्यातलं पाणी आडवं कानशिलाकडं.
ब्रेकच्या रबराचा वास.
कुमुद ओरडत होती, की वाराच होता तो.
दरी मी पाहिली नाही. पुढचा वीस फूट रस्ता पाहिला,
आणि त्याच्या पुढचा वीस फूट.

खाली थांबलो. हसलो.
आत्ताच घडलेलं एकमेकांना पुन्हा सांगितलं.
मगदूम नाही.
पंधरा मिनिटं. अर्धा तास. फोनला रेंज नाही.
"त्याचे ब्रेक..." कुमुद म्हणाली
आणि वाक्य तिथंच ठेवलं.
"काल मीच बघितले होते," मुनीर म्हणाला.
थोड्या वेळानं परत म्हणाला.
तास होत आला तसा मी सायकल वर वळवली,

तर वाकणावर तो.
चालत. गाय बाजारातनं आणावी तशी
सायकल हाताशी धरून.
"घाट उतरायचा असतोय," म्हणाला, "पडायचा न्हाई."
आणि त्या हुकांना
माझी पाण्याची बाटली,
मुनीरचा एक हातमोजा,
कुमुदचा मागचा लाल दिवा, अजून लुकलुकणारा.
तोवर आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं
की आपलं काही सांडलंय.
"शेकरू बघितलंसा का, वरच्या अंगाला?"
नव्हतं बघितलं.

कोकण सपाट असतं, असं मला कुणी सांगितलं होतं?
तळेऱ्याच्या पुढं जांभा, उतार, चढ, पुन्हा चढ.
मग ओठ खारट झाले. घामानं नव्हे.

विजयदुर्गाच्या अलीकडं एका पुळणीवर
मुनीरनं हुकूम काढला:
चेनला खारं पाणी लागता कामा नये.
मग दिवसभर ज्यांच्यावर बसलो
त्या सायकली खांद्यावर घेऊन वाळू तुडवली.
मगदूमची दोघांनी धरली, तरी जड.

तो गुडघाभर पाण्यात गेला, पहिल्यांदाच.
चूळ भरली, थुंकला.
बराच वेळ तसाच उभा.
"एवढं पाणी," म्हणाला,
"आन् उसाच्या एका सरीला चालत न्हाई."

रात्री मासळीच्या टेम्पोत परत.
बर्फाच्या खोक्यांवर सायकली आडव्या,
आम्ही पाय पोटाशी घेऊन.
टेम्पो पहिल्या गिअरला कण्हत घाट चढत होता.
ताडपत्री उचलून मी वाकणं मोजत होतो,
माझी बाटली यातल्या कुठल्या वाकणावर पडली असेल?
अंधारात सगळी सारखीच.
मगदूमला विचारलं असतं,
पण तो माझ्या खांद्यावर झोपला होता,
टोपीला बांगड्यांचा वास.