पथारीवर

उत्तम शुक्रवार. नंदुरबारात दुपारचे बारा ते तीन.
पत्रे तापलेले, पंखा एकच,
तोही व्यासपीठाकडे तोंड करून.
पाळक सात वचनांवर बोलताहेत, चौथ्यापर्यंत आलेत,
आणि मी त्या माणसाचा विचार करतोय
ज्याला त्या सकाळी सोडून दिलं होतं.

त्याच्याविषयी पुढे कुणी बोलत नाही.
बेड्या निघाल्यावर मनगटं चोळत
तो कुठल्या गल्लीने गेला?
संध्याकाळी काय जेवला?
गर्दीच्या मागे टाचा उंचावून
त्याने पाहिलं असेल का दुसऱ्याच्या खांद्यावर
आपल्या मापाचं लाकूड?

मी अकरा वर्षांचा होतो.
गावाबाहेर मिरचीची पथारी,
नजर जाईल तिथवर लाल,
जमिनीची साल सोलून ठेवल्यासारखी.
बायका देठ खुडायच्या, किलोवर पैसे,
नाकातोंडावर पदर, तरी खोकला.
माझी बहीण रिबका, सतराची, सगळ्यांत भराभर.
मुकादमाचा कोट बाभळीच्या फांदीला.
कोटात चाळीस रुपये.
मला नाताळला पांढरे कॅनव्हासचे बूट हवे होते.
एवढंच. याहून मोठं कारण
तीस वर्षं शोधतोय, सापडत नाही.

मुकादमाने सगळ्यांना रांगेत उभं केलं.
माझ्या अलीकडे चार बायका होत्या,
मग तीन.
नोटा माझ्या चड्डीच्या नेफ्यात
आणि रिबका म्हणाली, "मी लिधात."
कुठे आहेत विचारलं, तर म्हणाली, खर्चले.

दोन आठवड्यांची मजुरी कापली.
आणि पायताणाने... ते मी मोजलं नाही.
मोजलं. नऊ.
तेव्हा ती रडली नाही.
रडली मागाहून, पोत्यांच्या आडोशाला,
आणि हातानेच डोळे पुसले.
हात मिरचीचे होते.

मिशनच्या दवाखान्यात नेलं, पण फार उशिरा.
डाव्या डोळ्यात फूल पडलं.
भाषाही कशी, अशाला फूल म्हणते.
दोन स्थळं त्या फुलावरून परत गेली.

बूट मी घेतले. शाळेतून मिळाले, सांगितलं.
चावायचे.

"क्षमा फुकट आहे," पाळक म्हणतात,
आम्ही आमेन म्हणतो.
फुकट, म्हणजे पैसे दुसऱ्या कुणी भरले.
माझा बाप्तिस्मा झाला, मी वडीलमंडळात आलो,
प्रभुभोजनाचं ताट फिरवतो.
तिच्यापाशी पोचलो की उजवीकडून धरतो
तिला दिसावं म्हणून.
लोकांना ते सौजन्य वाटतं.

देवाशी बोलून झालंय, कितीदा.
त्याने केव्हाच सोडून दिलं म्हणतात.
सोडून दिलेल्याला रात्री झोप लागते का,
हे मात्र कुणी विचारत नाही.

तीन वाजले. लोक न बोलता पांगले.
रिबकाच्या ओट्यावर वर्षाची मिरची पडली होती.
मी न सांगता बसलो, देठ खुडू लागलो
आणि बोललो. चाळीस रुपये, नेफा, बूट,
इतकी वर्षं पाठ केलेलं
सगळं उलटसुलट बाहेर आलं.

ती सूप पाखडत राहिली. बी उडत होतं.
"माले तवयच मालूम व्हतं," म्हणाली,
"तू कापी ऱ्हायंता."
मग जरा थांबून, बूट तरी बसले का रे नीट?

क्षमा हा शब्द तिने काढला नाही.
कदाचित तो आता तिच्याजवळ नव्हताच,
तेव्हाच त्या रांगेत
खर्चला होता.

मला समोरचं दिसेना.
हात आपोआप वर गेला,
तेवढ्यात तिने मनगट धरलं,
डावीकडून, जिथून तिला काही दिसत नाही.
"डोयाले हात नको लावू, भाऊ."