बोट ठेवायला जागा

नोव्हेंबर सरता सरता ट्रोम्सोत सूर्य उगवायचं सोडून देतो
आणि आमच्या विभागात चोवीस तास
पांढऱ्या नळ्यांचा एकच प्रहर चालू राहतो.
मास्टर्सचं दुसरं वर्ष.
'माणूस केंद्रस्थानी' असं दारावरच छापलंय,
दार मात्र कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही,
आणि कार्ड मी आठवड्यातून दोनदा घरी विसरते.

प्रबंधाचा विषय : दवाखान्यातलं हजेरीचं यंत्र.
आलात, की पडद्याला बोट लावा, जन्मतारीख, नाव,
मग बसा खुर्चीत, हाक येईल.
एविंदनं रंग निवडले, मी अक्षरांचा आकार.
अकरा जणांनी वापरून पाहिलं,
सरासरी एक मिनिट चार सेकंद.
प्राध्यापक उन्नी चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"बोट ठेवायला जागा नाही."

बारावी आली राग्नफ्रिड.
(हे तिचं खरं नाव नाही. तेवढं मी शिकले आहे.)
बेचाळीस वर्षं माशांच्या कारखान्यात,
कॉडची कातडी सोलायची, काटे उपसायचे,
हात दिवसभर बर्फाच्या पाण्यात.
बोटांची टोकं ओढ्यातल्या गोट्यांसारखी,
एकही रेघ शिल्लक नाही.

आधी संमतीपत्र, मग चाचणी. नियम आहे.
मी वाचून दाखवलं :
मी राजीखुशीने भाग घेते आहे,
मी केव्हाही थांबू शकते,
खालच्या चौकटीत बोटाने सही करावी.

तिनं बोट लावलं.
पडदा ढिम्म.
बोट स्कर्टला पुसलं, त्यावर फुंकर घातली,
जिभेनं ओलं केलं, पुन्हा लावलं.
अंगठा लावून पाहिला,
यंत्रानं तिलाच अंगठा दाखवला.
"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली.
अशी प्रत्येक माफी वेळेसकट टिपून ठेवायची असते.
मी पेन्सिल उचलली,
आणि आठवलं, अजून संमती नाही.
खाली ठेवली.

मग तिनं दाराकडे एकदा पाहिलं,
वाकली,
आणि पडद्याला नाक लावलं.

चौकटीत एक तेलकट ठिपका उमटला.
"बँकेतसुद्धा असंच करते," हसून म्हणाली,
"नातवाचा फोनही असाच उचलते.
वास कधीच गेला माझा, कारखान्यानं नेला,
पण नाक अजून नोकरीत आहे."
यंत्र म्हणालं : सही अपुरी आहे. पुन्हा प्रयत्न करा.
तिनं केला.

नाक घासायला लावणं
मला वाक्प्रचार म्हणून माहीत होतं.
आणि नाकाने कांदे सोलणं,
तेही. ते तर दोन वर्षं आम्हीच करत होतो.

कागदी अर्ज आणायला मी दोन मजले खाली धावले.
प्रिंटरला शाई नव्हती, मग होती, मग कागद अडकला.
वर आले तर खुर्ची रिकामी,
दोन चाळीसची बस, पुढची थेट संध्याकाळी.
एविंद पुढच्या माणसासाठी
बाहीनं पडदा पुसत होता.
"कुणीतरी नाक शिंकरलंय का यावर?"

तर तक्त्यात अकराच आहेत.
बारावी सहभागी : संमती अपूर्ण, वगळली.
तिनं जे दाखवलं ते माहितीत धरता येत नाही,
आणि न धरता मला पुढे लिहिता येत नाही.
उन्नींना सांगितलं.
त्या खिडकीतल्या दुपारच्या काळोखाकडे बराच वेळ बघत बसल्या,
मग म्हणाल्या, "'मर्यादा' या प्रकरणात एक ओळ घाल."
ती ओळ मी रोज घालते.
रोज संध्याकाळी खोडते.

आज बसथांब्यावर उणे अकरा.
दोन्ही हातांत लोकरीचे जाड मोजे,
एका हातात पिशवी, दुसऱ्यात दूध,
आणि आईचा व्हिडिओ कॉल.
इकडे तिकडे पाहिलं.
फोन खिशातून अर्धा वर ढकलला, वाकले,
पहिल्या फटक्यात लागला.

"अगं, कुठे आहेस तू?" आई विचारते आहे,
आणि तिच्या पडद्यावर, तिकडे सेन्याच्या स्वयंपाकघरात,
माझी एक भलीमोठी नाकपुडी.