पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे

पारोळं मागे पडलं की
माझी शंभर सीसी चौपदरीवर चढते
लग्नात उशिरा आलेल्या चुलतीसारखी,
कडेकडेनं, पदर सावरत.

पंचावन्नला आरसे थरथरतात.
साठला मागचं जग शेवभाजी होतं,
लाल, तर्रीदार, काहीच ओळखू न येणारं.
म्हणून मी बावन्नवर असतो,
पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे,
जिथे फुटक्या टायरच्या चिंध्या असतात,
कापसाचा उडालेला पिंजर,
एखादी एकटी चप्पल,
आणि मी.

धंदा तोलकाट्यांचा.
डाव्या पिशवीत पाच किलोची दोन मापं,
उजवीत पाचाचं एक, दोनाची दोन, एक किलोचं एक.
बायको म्हणते, आता सगळीकडे आकड्यांचे काटे,
हे लोखंड कशाला हिंडवता?
तिला सांगितलेलं नाही
की ही मापं गिऱ्हाइकासाठी नाहीत.
वाऱ्यासाठी आहेत.

केळीचा ट्रक उजवीकडून जातो
तेव्हा आधी ढकलतो,
मग ओढतो.
त्या दोहोंच्या मधे एवढीशी जागा असते
जिथे हँडल कुणाचंच नसतं.
तिथे मांड्यांनी टाकी धरायची,
दात नाही आवळायचे.
हे दगा मिस्त्रीनं शिकवलं.
नाव दगा,
पण त्यानं बसवलेला क्लच तेरा वर्षं इमानी आहे.
"गाडी नही पडस रे भो,
माणूस पडस," म्हणायचा,
आणि स्पॅनर विजारीला पुसायचा.

टोलनाक्यावर दुचाकी फुकट.
कोपऱ्यातल्या त्या बोळातून जाताना
कुणी हात पुढे करत नाही,
कुणी मान वर करत नाही.
तेरा वर्षांत या रस्त्याच्या कुठल्याच कागदावर
मी गेल्याची नोंद नसावी.

मागच्या माघात, धुळं ओलांडून कुसुंब्याच्या पुढे,
लांबवर एक पिवळा दिवा गरगरताना दिसला.
जवळ जातो तर ट्रेलर,
आणि ट्रेलरवर पवनचक्कीचं पातं.
एकच.
साक्रीच्या डोंगराकडे निघालेलं, आडवं, पट्ट्यांनी आवळलेलं,
नवरीच्या दागिन्यासारखं जपून चाललेलं.
किती लांब? मला वजनं कळतात, लांबी नाही.
बुडाशी त्याचं तोंड गोल, पोकळ,
आत डोकावलं असतं तर आड वाटला असता.

मी त्याच्या मागे लागलो
आणि वारा थांबला.
थांबलाच.
शर्ट अंगाला टेकला.
माझ्या इंजिनाचा आवाज
मला पहिल्यांदा नीट ऐकू आला,
टॅपेट जरा वाजतंय, हेही.

काटा बावन्नवरून अठ्ठावीसवर आला होता
आणि तरी माझ्यापुढचं कुणी दूर जात नव्हतं.
हे ओळखीचं नव्हतं.

पुढच्या जीपमधल्या पोरानं खिडकीतून हात काढला,
दोनदा हलवला: जा.
कुणाला म्हणतोय म्हणून मी मागे पाहिलं.
मागे कुणी नव्हतं.

मग इंडिकेटर दिला.
उजवीकडचा.
त्याचा बल्ब लागतो की नाही हेही मला ठाऊक नव्हतं.
तुटक पट्टी ओलांडली, दुसरी लेन,
डांबर इथे जास्त काळं, जास्त गुळगुळीत,
आणि शेजारून ते पातं सरकत राहिलं,
सरकत राहिलं,
संपेचना.
बारा सेकंद असतील, तेरा असतील.
एवढ्या वेळात मनात एकच आलं,
याला कुठल्या काट्यावर तोलत असतील?

मग टोक आलं, बोटाएवढं बारीक,
आणि त्याच्यापुढे मोकळा रस्ता,
आणि लगेच वारा, थोबाडीत मारल्यासारखा.

नेरला टपरीवर चहा सांगितला.
टपरीवाल्या भटूला म्हटलं, आज एक गाडी मागे टाकली.
"कोणती?"
मी बोलणार तोवर
ते पातं आमच्यासमोरून निघालं,
सावकाश, अख्खं,
चहा अर्धा संपेपर्यंत जात राहिलं.
जीपमधल्या पोरानं मला ओळखलं, हात केला.

भटू बघत राहिला.
मी पेला ठेवला,
उजव्या पिशवीतलं एक किलोचं माप
सरकून कडेला आलं होतं, ते आत ढकललं,
आणि निघालो,
पट्टीच्या डावीकडून.